मुकुंदराव पाटील

मुकुंदराव गणपतराव पाटील (जन्म : इ.स. १८८५, मृत्यू : इ.स. १९६७) हे मराठी पत्रकार, प्रकाशक, कवी, कादंबरीकार आणि सत्यशोधक चळवळीतील विचारवंत होते. अहमदनगर (आताचा अहिल्यानगर) जिल्ह्यातील एका खेड्यातून त्यांनी २३ नोव्हेंबर १९१० रोजी 'दीनमित्र' हे साप्ताहिक सुरू केले आणि आयुष्याच्या अखेरीपर्यंत, म्हणजे सुमारे सत्तावन्न वर्षे, ते पत्र त्यांच्याच नावाशी जोडलेले राहिले. त्यामुळे चळवळीत व अभ्यासकांत ते 'दीनमित्रकार' याच नावाने ओळखले जातात. 'कुलकर्णी लीलामृत' आणि 'शेटजी प्रताप' ही त्यांची उपहासात्मक काव्ये, तर 'होळीची पोळी' व 'ढढ्ढाशास्त्री परान्ने' या त्यांच्या कादंबऱ्या प्रसिद्ध आहेत.

पार्श्वभूमी

मुकुंदरावांचे जन्मदाते वडील कृष्णराव पांडुरंग भालेकर (१८५०-१९१०) हे पुण्याजवळच्या भांबुर्डे गावचे, महात्मा जोतीराव फुले यांचे सहकारी. २४ सप्टेंबर १८७३ रोजी पुण्यात सत्यशोधक समाजाची स्थापना झाली, तेव्हापासून भालेकर त्या कामात होते. समाजाची बाजू मांडणारे स्वतःचे पत्र नसल्याची उणीव त्यांना जाणवत होती. त्या काळच्या पुण्यातील मराठी पत्रे बहुतांशी उच्चवर्णीय सुशिक्षितांच्या हाती होती आणि त्यांत शेतकऱ्याच्या घरातला लग्नसोहळा, सावकाराचे खत किंवा भिक्षुकाची दक्षिणा हे विषय शेतकऱ्याच्या बाजूने येत नसत. विष्णुशास्त्री चिपळूणकर यांनी 'निबंधमाले'तून फुल्यांच्या लेखनाची टर उडवली होती, आणि तिला तितक्याच मोठ्या आवाजात उत्तर द्यायला जागा नव्हती. भालेकरांनी १ जानेवारी १८७७ रोजी पुण्यात 'दीनबंधू' हे साप्ताहिक सुरू केले. त्या वर्षी दख्खनमध्ये मोठा दुष्काळ होता. पत्राचा वाचकवर्ग ज्या लोकांचा असायचा, तेच लोक अन्नाला मोताद झालेले असताना वर्गणी कोणाकडून येणार, हा प्रश्न पहिल्या अंकापासूनच होता. तीन वर्षे ओढाताण करून भालेकरांना ते सोडावे लागले. १८८० मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी 'दीनबंधू' मुंबईला नेले आणि गिरणी कामगारांच्या वस्तीत त्याला नवे जीवन मिळाले.

शहरात गेल्याने पत्र जगले. त्याच्या बोलण्यावर मात्र मर्यादा आल्या. फुल्यांनी १८८३ मध्ये लिहिलेल्या 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथाची पहिली दोन प्रकरणे 'दीनबंधू'त छापली गेली आणि पुढची थांबली. आपल्याच माणसाच्या पत्राने कच खाल्ल्याची खंत फुल्यांनी नंतर स्पष्टपणे नोंदवली. संपादकावर कोणकोणती दडपणे होती याचा विचार करता लोखंड्यांना दोष देणे सोपे नाही. तरीही चळवळीच्या पुढच्या प्रकाशकांसाठी हा धडा महत्त्वाचा होता. स्वतःचा छापखाना असणे जितके आवश्यक, तितकेच तो कोठे ठेवायचा आणि कोणाच्या भरवशावर चालवायचा हेही महत्त्वाचे, असे त्यातून दिसून आले होते.

भालेकरांच्या वर्तुळातील गणपतराव सखाराम पाटील हे अहमदनगर जिल्ह्यातील तरवडीचे. त्यांनी १८८८ मध्ये 'दीनमित्र' नावाचे मासिक काढले. भालेकरांची 'बळीबा पाटील आणि १८७७ चा दुष्काळ' ही कादंबरी याच मासिकातून क्रमशः प्रसिद्ध झाली. मराठीतील ग्रामीण कादंबरीचा आरंभ अनेक अभ्यासक तिच्यापासून मानतात. गणपतराव अल्पायुषी ठरले आणि मासिकही फार काळ टिकले नाही. भालेकरांचा मुलगा मुकुंद पुढे गणपतरावांच्या घराण्यात दत्तक गेला. जन्माने एका संपादकाचा आणि दत्तकाने दुसऱ्या संपादकाचा मुलगा, अशी ही विलक्षण वंशावळ आहे. दोघांचीही पत्रे त्यांच्या हातून निसटली होती. मुकुंदरावांच्या वाट्याला आली ती पाटीलकी आणि बंद पडलेल्या मासिकाचे नाव.

'दीनमित्र'ची सुरुवात

मुकुंदरावांनी साप्ताहिक सुरू केले तेव्हा चळवळीचा जोर ओसरलेला होता. फुले १८९० मध्ये आणि लोखंडे १८९७ मध्ये निवर्तले होते. कृष्णराव भालेकरांचे निधनही १९१० मध्येच झाले. सत्यशोधक विचाराची माणसे पुणे, जुन्नर, अहमदनगर, सातारा, वऱ्हाड अशी ठिकठिकाणी विखुरलेली होती, पण त्यांना एकमेकांची खबर देणारे साधन उरले नव्हते. १९१० हे वर्ष वृत्तपत्र काढण्याच्या दृष्टीनेही प्रतिकूल होते. त्याच वर्षी सरकारने नवा मुद्रण कायदा केला होता. त्यानुसार नवा छापखाना घालणाऱ्याकडून पाचशे ते दोन हजार रुपयांपर्यंत अनामत मागण्याचा आणि मजकूर आक्षेपार्ह वाटल्यास ती जप्त करण्याचा अधिकार प्रशासनाला मिळाला. मोठ्या पत्रांना ही रक्कम जड होती. छोट्या पत्रांचा तिच्यामुळे श्वास कोंडत असे. हा कायदा १९२२ मध्ये रद्द झाला.

अशा वेळी मुकुंदरावांनी सोमठाणे या गावातून साप्ताहिक काढले आणि गणपतरावांच्या मासिकाचे नाव त्याला दिले. पुढे पत्राचे ठाणे नेवासे तालुक्यातील तरवडी येथे आले व अखेरपर्यंत तेथेच राहिले. पुणे किंवा मुंबई येथे जाणे त्यांना अशक्य नव्हते. भालेकरांचे पुण्याशी जुने संबंध होते. खेड्यातच राहण्याच्या निर्णयात 'दीनमित्र'चे वेगळेपण आहे. शेतकऱ्यासाठी काढलेले पत्र शेतकऱ्याच्या शिवारातच छापले जाऊ लागले.

तरवडीचा छापखाना

आज ज्या गोष्टी सहज वाटतात त्या तरवडीत एकेक करून जमवाव्या लागत. रेल्वे अहमदनगरपर्यंत होती. दौंड-मनमाड हा मार्ग १८७८ पासून चालू होता. तेथून पुढे नेवासे-शेवगावकडचा मुलूख बैलगाडीचा. कागद, शाई आणि शिशाचे खिळे शहरातून आणायचे. खिळे झिजले की अक्षरे तुटकी उमटतात, आणि देवनागरीच्या छपाईत काना, मात्रा, रफार व जोडाक्षरे यांचे साचे मोजता मोजता जुळाऱ्याची दमछाक होते. विजेशिवाय चालणाऱ्या यंत्रावर प्रत्येक पान माणसाच्या बळावरच उठवायचे. जुळणी झाली, मुद्रिते तपासली, अंक छापला, घड्या घातल्या, पत्ते डकवले, की टपाल गाठायचे. वृत्तपत्रांना टपालखात्याची दराची सवलत होती, आणि ग्रामीण साप्ताहिकाचे अस्तित्व बऱ्याच अंशी तिच्यावर अवलंबून असे.

वर्गणीचा प्रश्न याहून अवघड होता. १९११ च्या जनगणनेनुसार हिंदुस्थानातील साक्षरांचे प्रमाण सुमारे सहा टक्के होते. शेतकरी जातींत ते याहूनही कमी. वाचू शकणारा माणूस गावात एखादा, आणि ज्याच्या हाती रोख पैसा असे तो बहुधा 'दीनमित्र' ज्यांच्यावर टीका करी त्या वर्गातला. शेतकऱ्याच्या हाती पैसा येई तो सुगीनंतर, आणि सुगी बुडाली की वर्गणीही बुडे. नगर जिल्हा तर अवर्षणासाठीच प्रसिद्ध. १९१८ मध्ये पाऊस फसला आणि त्याच वर्षी इन्फ्लुएंझाच्या साथीने गावेच्या गावे झोपवली. दोन महायुद्धांत कागदाची टंचाई झाली. ही संकटे सर्वच मराठी पत्रांवर आली. त्यांत भांडवलदार पाठीशी असलेली कित्येक पत्रे बुडाली, म्हणून 'दीनमित्र'चे टिकणे अधिक उठून दिसते.

वर्गणीदार थोडे असले तरी ऐकणारे पुष्कळ असत. गावातल्या चावडीवर, देवळाच्या ओट्यावर किंवा एखाद्या शिकलेल्या मुलाच्या घरी अंक मोठ्याने वाचला जाई, हे त्या काळच्या ग्रामीण पत्रांचे सर्वसाधारण चित्र आहे. मुकुंदरावांच्या लेखनशैलीचे मूळ येथे शोधता येते. त्यांचे वाक्य कानाला पटणारे असते, दृष्टान्त नांगर, मोट आणि बाजार यांमधले असतात आणि टोला लगावण्यापूर्वी ते ऐकणाऱ्याला हसवतात. पुण्याच्या शिष्ट गद्याच्या मोजपट्टीने त्यांची भाषा काहींना राकट वाटली. ती ज्यांच्यासाठी होती त्यांना तिचा अर्थ सांगावा लागत नव्हता.

काव्ये आणि कादंबऱ्या

गावाच्या लिखित व्यवहाराची सूत्रे त्या काळी दोघांच्या हातात होती. जमीन, सारा आणि वतने यांचे दप्तर कुलकर्णी ठेवी, तेही मोडी लिपीत. कर्जाचे खत व खातेवही सावकार ठेवी. शेतकऱ्याचे सारे भवितव्य त्याला न वाचता येणाऱ्या कागदावर असे. १८७५ मध्ये पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध दंगे केले, तेव्हा त्यांचा रोख मुख्यतः कर्जखतांवर होता. ती हिसकावून जाळण्यात आली. सरकारने १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी संरक्षक कायदा केला, तरी कागद लिहिणारा आणि अंगठा उठवणारा यांच्यातील अंतर कायम राहिले. मुकुंदराव स्वतः पाटलाच्या घरात वाढले. पाटील आणि कुलकर्णी हे गावगाड्याचे शेजारी-शेजारी बसणारे अधिकारी, त्यामुळे दप्तराच्या आतबाहेर काय चालते हे त्यांना ऐकीव नव्हते.

'कुलकर्णी लीलामृत' हे काव्य याच अनुभवातून आले. त्याचे नाव आणि रूप दोन्ही पोथीचे आहे. श्रावणात घरोघरी वाचल्या जाणाऱ्या लीलामृतांचा, माहात्म्यांचा आणि प्रतापांचा साचा घेऊन त्यात देवाच्या जागी गावचा कुलकर्णी बसवलेला आहे. श्रोत्याला पोथीची चाल तोंडपाठ असल्याने विडंबन समजण्यासाठी त्याला साक्षर असण्याची गरज नव्हती. 'शेटजी प्रताप'मध्ये हीच युक्ती सावकारासाठी, तर 'देशभक्त लीलासार'मध्ये लोकांच्या वर्गण्यांवर मोठेपणा मिरवणाऱ्या पुढाऱ्यांसाठी वापरली आहे. ज्ञानदेवांनी ज्ञानेश्वरी सांगितली ते नेवासे याच तालुक्याचे ठिकाण. ओवी ही या भूमीत प्रार्थनेइतकीच सवयीची. मुकुंदरावांनी हा भक्तीचा साचा हिशेब मागण्यासाठी वापरला, आणि म्हणूनच 'कुलकर्णी लीलामृत' अतिशय वादग्रस्त ठरले.

या काव्यांवर जातिद्वेषाचा आक्षेप घेतला गेला. काही ठिकाणी उपहास एखाद्या व्यवस्थेवर न राहता सबंध जातीवर घसरतो, हे मान्य करावे लागते. मात्र त्यांच्या सर्व लेखनावर हा शिक्का बसत नाही. भटजी, शेटजी आणि पुढारी यांच्या जोडीने शेतकरी समाजाचे स्वतःचे दोषही त्यांनी उघडे केले. ऋण काढून केलेली लग्ने, नवस-सायास, व्यसने आणि मुलींना शाळेपासून दूर ठेवण्याची रीत हे सत्यशोधकांच्या टीकेचे नेहमीचे विषय होते, आणि 'दीनमित्र'ने आपल्या वाचकांनाही त्यातून सूट दिली नाही. वर्गणीदाराला दुखावण्याची ही तयारी छोट्या पत्राला महागात पडू शकत होती.

'होळीची पोळी' आणि 'ढढ्ढाशास्त्री परान्ने' या कादंबऱ्यांत कर्मकांड व त्यावर पोसलेली पांडित्याची मिजास हा विषय आहे. दुसऱ्या कादंबरीचे शीर्षकच बोलके आहे. दुसऱ्याच्या अन्नावर जगणाऱ्या शास्त्र्याचे आडनाव परान्ने. रचनेच्या दृष्टीने या कादंबऱ्या सैल आहेत आणि पात्रे पुष्कळदा एकाच रंगात रंगवलेली आहेत. त्यांचे मोल खेड्यातील बोलणे, खाणे, भांडणे आणि विधी यांच्या बारकाव्यांत आहे. मराठी वाङ्मयाच्या रूढ इतिहासांत त्यांना फार काळ जागा मिळाली नाही.

सत्यशोधक लेखकांचे वर्तुळ

'दीनमित्र' सुरू झाल्यावर दोनच महिन्यांत, जानेवारी १९११ मध्ये, कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांच्या पाठिंब्याने सत्यशोधक समाजाची शाखा निघाली. भास्करराव जाधव तिचे अध्यक्ष होते. त्याच वर्षी एप्रिलमध्ये पुण्यात रामय्या व्यंकय्या अय्यावारू यांच्या अध्यक्षतेखाली समाजाची परिषद भरली. अशा परिषदांचे वृत्तान्त, पुरोहिताशिवाय लागलेल्या लग्नांच्या बातम्या, जलशांची माहिती आणि खेड्यांतून आलेली पत्रे यांना 'दीनमित्र'ने जागा दिली. एका गावात ब्राह्मणाशिवाय लग्न लागल्याची बातमी दुसऱ्या जिल्ह्यातल्या वराच्या बापाला धीर देणारी असे. असे लग्न करणाऱ्यांना बहिष्काराची भीती असे, शिवाय न बोलावलेल्या ग्रामजोशालाही दक्षिणा देण्याचा तगादा लागे. ओतूर येथे १८८०च्या दशकात हा वाद न्यायालयात गेला होता. ही सक्ती मोडणारा कायदा मुंबई इलाख्यात १९२६ मध्ये सीताराम केशव बोले यांच्या प्रयत्नाने झाला. तोवर छापील बातमी हाच अशा कुटुंबांना मोठा आधार होता. ज्या शेतकऱ्याने आयुष्यात कधी लेखणी हाती घेतली नव्हती त्याचे नाव आणि गाव पत्रात छापून येणे, ही त्या काळात साधी गोष्ट नव्हती.

पुढच्या दशकात ब्राह्मणेतर पत्रांची एक फळीच उभी राहिली. १९१७ मध्ये भगवंतराव पाळेकर यांचे 'जागृती' बडोद्याहून आणि वालचंद कोठारी यांचे 'जागरूक' पुण्याहून निघाले. श्रीपतराव शिंदे यांचे 'विजयी मराठा' १९१९ मध्ये, तर डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे 'मूकनायक' ३१ जानेवारी १९२० रोजी सुरू झाले. बेळगावहून 'राष्ट्रवीर' आणि कोल्हापूरहून 'हंटर' निघू लागले. या पत्रांपैकी काहींना शाहू महाराजांची मदत होती. 'मूकनायक'ला त्यांनी अडीच हजार रुपये दिले होते. कोल्हापूर संस्थानात १९१८ मध्ये कुलकर्णी वतने रद्द करून पगारी तलाठी नेमण्यात आले. 'कुलकर्णी लीलामृता'त ज्या वतनाची थट्टा होती, ते एका राज्यात कायद्यानेच संपले.

ही बहुतेक पत्रे शहरांतून निघत होती. त्यांत चळवळीच्या नेत्यांची भाषणे, निवडणुकांचे डावपेच आणि आपसांतले वाद यांना अधिक जागा असे. तरवडीचे पत्र या सर्वांहून जुने होते आणि राजकारणाच्या मध्यापासून सर्वांत दूर होते. त्याचा तोटा म्हणजे ताज्या घडामोडी तेथे उशिरा पोहोचत. फायदा असा, की एखाद्या नेत्याचे आसन डळमळले म्हणून 'दीनमित्र'ला दिशा बदलावी लागली नाही.

उत्तरकाळ

१९३० नंतर ब्राह्मणेतर चळवळीतील केशवराव जेधे यांच्यासह अनेक पुढारी काँग्रेसमध्ये गेले. दिनकरराव जवळकर १९३२ मध्ये वारले. 'विजयी मराठा', 'कैवारी' यांसारखी त्या पिढीची पत्रे एकामागून एक थांबली. बडोद्याचे 'जागृती' १९४९ मध्ये बंद पडले. बहुजन समाजाच्या हाती सत्ता येऊ लागल्याने सत्यशोधक समाजाचे काम संपले, असे म्हणणारे पुष्कळ होते. मुकुंदरावांना ते मान्य नव्हते. सत्ताधाऱ्यांची जात बदलली म्हणून कर्ज, कर्मकांड आणि अज्ञान आपोआप जात नाही, ही त्यांची भूमिका पत्र चालू ठेवण्यातूनच दिसते. मुंबई राज्यात १९४८ मध्ये कूळकायदा झाला, १९५०च्या दशकात वतने रद्द करणारे कायदे झाले आणि १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य स्थापन झाले. ज्या व्यवस्थेवर 'दीनमित्र'ने हल्ला चढवला तिचे कायदेशीर सांगाडे संपादकाच्या डोळ्यांदेखत कोसळले, आणि कुलकर्ण्याच्या वतनाबरोबर पाटीलकीचे वतनही गेले.

मुकुंदराव १९६७ मध्ये वारले. 'दीनमित्र' त्याच वर्षी थांबले.

अभ्यास आणि स्मारक

मोठ्या ग्रंथालयांनी खेड्यातल्या साप्ताहिकाचे अंक जपून ठेवण्याची तसदी क्वचितच घेतली. शिवाय अशा पत्रांचा कागद स्वस्तातला, लवकर ठिसूळ होणारा. त्यामुळे 'दीनमित्र'चे सुटे अंकही दुर्मीळ आहेत. गेल ऑम्व्हेट यांनी पश्चिम भारतातील ब्राह्मणेतर चळवळीवरील प्रबंधासाठी या पत्राच्या फायलींचा आधार घेतला. हा प्रबंध १९७६ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात महाराष्ट्रातील खेड्यांत सत्यशोधक विचार कसा पसरला हे पाहू इच्छिणाऱ्या संशोधकाला त्यानंतर 'दीनमित्र'कडे वळावेच लागले. कृष्णराव भालेकरांचे लेखनही याच सुमारास नव्याने संकलित होऊ लागले आणि 'बळीबा पाटील' पुस्तकरूपाने वाचकांसमोर आली.

तरवडी येथे मुकुंदरावांचे स्मारक असून त्यांच्या नावाने मराठी लेखकांना साहित्य पुरस्कार दिले जातात. या पुरस्कारांचा समारंभ तरवडी गावातच होतो.